मागच्या चाकांचा आवाज

"मला तुमची गाडी ऐकायची आहे," फोनवरचा माणूस मराठीत म्हणाला.

अलकनंदाला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. गाडीसाठी आठवडाभर फोन येत होते. तिच्या मुलीनं, मीनाक्षीनं, बंगळूरमध्ये बसून जाहिरात टाकली होती आणि नंबर मात्र आईचा दिला होता.

"घ्यायची आहे ना? मग माझ्या मुलीशी बोला. सगळं तीच बघते."

"नाही, नाही, घ्यायची नाही. माझ्याकडे तीच गाडी आहे, अगदी तीच. मला तुमची फक्त चालू करून, थोडी फिरवून ऐकायची आहे. फार वेळ घेणार नाही."

मग त्यानं जरा दम घेऊन स्वतःची ओळख करून दिली. सूर्यकांत वैरागडे. मूळचा नागपूरचा, केंद्र सरकारच्या एका खात्यात अनुवादक, राहायला दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. नंबर महाराष्ट्र मंडळाच्या सुनीतीताईंनी दिला होता. आयुष्यातली पहिली गाडी घेतली आणि ती आवाज करायला लागली.

"सर्व्हिसवाले म्हणतात, सब में आता है. पण 'सब' मी ऐकणार कुठे? नवं मॉडेल आहे, रस्त्यावर फारशी दिसतच नाही. शोरूमची ट्रायलची गाडी लोकांनी इतकी पिदडलीय की ती चारी बाजूंनी वाजते. सुनीतीताई म्हणाल्या, फरीदाबादला साळव्यांकडे आहे. आणि..." तो अडखळला. "तुमच्या घरी काय झालं तेही सांगितलं त्यांनी. नाही म्हणालात तरी मी समजू शकतो."

नाहीच म्हणावं असं अलकनंदाच्या मनात होतं. तरी तिच्या तोंडून प्रश्न गेला, "कसला आवाज येतो?"

"दोन येतात. एक कण्हल्यासारखा. गाडी बऱ्यापैकी वेगात असते, आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, आणि मागून कुणीतरी कण्हतं. दुसरा..."

दुसरा आवाज तिनं नीट ऐकलाच नाही. ती जवळच्या खुर्चीवर बसली.

"रविवारी या," ती म्हणाली. "पण दुपारी. सकाळी मी चर्चमध्ये उपासनेला जाते."

उल्हास साळवे, अलकनंदाचा नवरा, फरीदाबादच्या एका कारखान्यात नोकरीला लागला तेव्हा दोघं नगरहून इथे आली होती, दोन-चार वर्षं राहू म्हणून. मग ती इथलीच झाली. ती शाळेत शिकवायची, तो कारखान्यात. घरी एक छोटी गाडी होती, तीही जास्त करून अलकनंदाच चालवायची, कारण उल्हासला कंपनीची बस होती. निवृत्त झाल्यावर मात्र त्यानं ती छोटी गाडी विकून टाकली आणि कितीतरी वर्षं जशा गाडीची स्वप्नं पाहिली होती तशी उंच, दणकट, राखाडी गाडी घरी आणली.

"इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना," तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. दूधवाल्यालाही सांगून झालं होतं. "आपली जुनी गाडी पुढची चाकं ओढायची. हिची मागची चाकं ढकलतात. घाटात कळतो फरक."

घाट त्यांनी एकदाच चढला, मसुरीचा. पुढच्या खूप जागा ठरवून ठेवल्या होत्या. उन्हाळा लागायच्या आधी एका सकाळी उल्हास दाढी करता करता खाली बसला आणि परत उठला नाही. गाडीवर तेव्हापासून आच्छादन होतं ते कुणी काढलं नव्हतं.

तो आवाज अलकनंदाला पहिल्याच आठवड्यात ऐकू आला होता. बायपासवरून चालले होते, ती डावीकडच्या सीटवर.

"अहो, मागून काहीतरी येतंय."

"काय येतंय?"

"कुणीतरी तोंड मिटून कण्हतंय तसं."

"रस्त्याचा असेल आवाज."

पुन्हा एकदा म्हणाली तेव्हा त्यानं खिडक्या वर केल्या. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा त्याचा चेहरा जरासा उतरला. "नवी गाडी आहे, अलका. बसेल हळूहळू." त्यानंतर ती बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. आणि खरंच, काही आठवड्यांनी आवाज यायचा थांबला. तिनं तसं म्हटल्यावर उल्हास इतका खूश झाला की त्यानं बल्लभगढच्या बाजारात गाडी थांबवून जिलेबी घेतली. "म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला.

आता एक अनोळखी माणूस फोनवर तोच शब्द वापरत होता. कण्हणं.

रविवारी सूर्यकांत आला तो बायकोला घेऊन. शर्ट व्यवस्थित खोचलेला, हातात बॅटरी जोडायच्या जाड वायरी. गाडी कित्येक दिवसांत चालू केलेली नाही हे अलकनंदानं त्याला सांगितलं होतं. बायकोचं नाव वृंदा. ती दिल्लीतच वाढलेली. तिच्या हातात सांबारवडीचा, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडीचा, डबा होता.

"ताई, सॉरी हं," वृंदा दारातच म्हणाली. "मी यांना किती सांगितलं, त्यांच्या घरी असं झालंय आणि तुम्ही गाडी ऐकायला जाताय, अच्छा नहीं लगता. पण हे बिल्कुल ऐकत नाहीत. महिनाभर घरात दुसरा विषय नाही. जेवताना पण पानावर बोटं वाजवून मला आवाज करून दाखवतात."

"बरं झालं आलात," अलकनंदा म्हणाली. "इतके दिवस लोक सांत्वनाला येतात नाहीतर भाव विचारायला. तुम्ही काहीतरी वेगळं काम काढून आलात."

हे ती बोलून गेली आणि तिच्या लक्षात आलं की ते खरं आहे.

तिघांनी मिळून आच्छादन काढलं. धुळीचा लोट उठला. सूर्यकांतनं आपली गाडी तिच्या गाडीला नाकासमोर नाक लावून उभी केली. दोन्ही राखाडी. शेजारचे खुराना आपल्या गच्चीवरून बघत होते. वायरी जोडून झाल्या, पहिल्यांदा नुसतीच टकटक झाली, मग एकदम इंजिन धडधडून चालू झालं. आवाजाला ती तयार होती असं तिला वाटत होतं. पण घरातून ऐकलेला हा आवाज म्हणजे 'चल, आवरलं का' असा असायचा, आणि ती अजून चपला शोधत असायची.

सूर्यकांत चालवायच्या जागी बसला. बसला आणि तसाच राहिला. उल्हास उंच होता, सीट पार मागे सरकवलेली होती. सूर्यकांतचे पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचत होते. त्यानं सीटखालच्या दांडीला हात घातला आणि काढून घेतला.

"ताई," तो दारातून बाहेर बघत म्हणाला, "सीट पुढे घेऊ का?"

वृंदा एकदम दुसरीकडे बघायला लागली. अलकनंदाला वाटलं, हा माणूस न विचारता घेऊ शकला असता. आपल्याला कळलंही नसतं कदाचित. त्यानं विचारलं म्हणून आता उत्तर द्यायला हवं.

"घ्या," ती म्हणाली. "नाहीतर क्लच कसा दाबणार."

सीट खडखडत पुढे आली. अलकनंदा नेहमीसारखी डावीकडे बसली, वृंदा मागे. बायपासवर रविवारची दुपार म्हणून गर्दी कमी होती. सूर्यकांतनं रेडिओ बंद केला, एसी बंद केला, खिडक्या वर केल्या. आत उकडायला लागलं. त्यानं वेग वाढवला आणि मग पाय काढला.

मागून, सीटच्या आणि डिकीच्याही खालून, तो आवाज आला. लांबलेला, बारीक, तोंड मिटून कण्हल्यासारखा. गाडीचा वेग उतरला तसा तोही उतरत गेला आणि विरला.

"आला!" सूर्यकांत जवळजवळ ओरडला. "वृंदा, आला! ऐकलंस?"

"आला, आला. पुढे बघा."

"ताई, तुम्हाला ऐकू आला?"

"मी तर पहिल्या आठवड्यापासून ऐकतेय," अलकनंदा म्हणाली.

त्यानं मग आनंदानं तिला सगळं सांगितलं. इतक्या दिवसांत त्यानं इतकं वाचलं होतं की सांगायला माणूसच मिळत नव्हतं. इंजिन पुढे, चाकं मागे, म्हणून गाडीच्या पोटाखालून एक लांब शाफ्ट फिरत जातो. मागे दातेरी चाकांचा एक डबा असतो, तिथे ते फिरणं वळून चाकांकडे जातं. पाय दाबलेला असतो तेव्हा ते दाते एका बाजूनं एकमेकांवर रेलतात, पाय काढला की दुसऱ्या. ती दुसरी बाजू थोडी गाते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हा प्रकारच नसतो, म्हणून आयुष्यभर त्या चालवलेल्या माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलं.

"म्हणजे बिघाड नाही?"

"दोन्हींत सारखाच येतोय म्हणजे नसावा. आता दुसरा बघू."

दुसरा आवाज गिअर बदलतानाचा होता. पहिल्यातून दुसऱ्यात टाकून क्लच सोडला की खालून 'खट्' असं व्हायचं. सूर्यकांतनं गाडी हळू केली, थांबवली, पुन्हा निघाला. काही नाही. पुन्हा थांबला, निघाला. सहज, मऊ गेली गाडी. असं त्यानं इतक्यांदा केलं की मागचा ट्रॅक्टरवाला वैतागून बाजूनं निघून गेला. शेवटी सूर्यकांतनं गाडी परत वळवली.

परत आल्यावर ते त्याच्या गाडीत बसले. अलकनंदानं मुद्दाम पुढची सीट मागून घेतली. गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आधीच तो आवाज आला आणि तिला तो कानापेक्षा तळपायाला जास्त कळला. जणू खालून कुणी हातोडीनं एकदाच ठोकलं.

"हा आमच्यात नाही," ती म्हणाली.

"नक्की? कधी कधी येत असेल..."

"वैरागडे, त्या गाडीत बसून मी दुसरं काय केलंय? ऐकलंच आहे. हा आवाज तिच्यात कधीही नव्हता."

सूर्यकांतनं मान हलवली. गाडीत दोष आहे हे कळूनही त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता. "म्हणजे मला उगाच भास होत नव्हता. आता मला वेडा तरी कुणी म्हणणार नाही."

"मी म्हणेन," वृंदा मागून म्हणाली.

चहा पिताना त्यानं चाचरत सुचवलं, सर्व्हिस सेंटरवाल्यांना दोन्ही गाड्या शेजारी शेजारी दाखवता आल्या तर त्यांना 'सब में आता है' म्हणता येणार नाही. तुम्हाला चालत असेल तर मी माझी तिथे ठेवून मेट्रोनं येतो, तुमची गाडी घेऊन जातो, संध्याकाळच्या आत आणून लावतो.

"मी आणते," अलकनंदा म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघायला लागले.

"चालवता येते मला. शाळेत रोज गाडीनं जायचे. ही नाही चालवली एवढंच." ती जरा थांबली. "ही त्यांची होती."

पाहुणे गेल्यावर तिला आपल्या बोलण्याची भीती वाटली. पण आता शब्द दिला होता, आणि शाळेत शिकवत आलेल्या बाईला एकदा दिलेला शब्द मागे घ्यायची सवय नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्त्यावर शाळेच्या बस यायच्या आधी, ती गाडीत बसली. सूर्यकांतनं पुढे घेतलेली सीट तिनं आणखी पुढे घेतली. क्लच जड होता. गाडी उंच, बॉनेट कुठे संपतं ते दिसेना. पहिल्या सकाळी ती गल्लीतल्या गल्लीत दोनदा बंद पाडून परत आली. खुराना गच्चीवरून म्हणाले, "भाभीजी, ड्राइवर रख लो." त्या एका वाक्यानं दुसऱ्या सकाळी ती बाजारापर्यंत गेली.

बायपासवर ती गेली तेव्हा ऊन नुकतंच वर येत होतं. रस्ता मोकळा होता. गाडीनं वेग घेतला आणि अलकनंदाला कळलं, उल्हास 'ढकलतात' म्हणायचा ते काय. जुन्या गाडीत कुणी हात धरून नेल्यासारखं वाटायचं. इथे पाठीवर कुणीतरी हात ठेवला होता. पुढे एक सायकलवाला दिसला म्हणून तिनं पाय काढला आणि मागून कण्हणं सुरू झालं.

डावीकडे बसून ऐकलेला आवाज इथून वेगळा होता. तिथे तो नुसता यायचा. इथे तो आपल्या पायाशी बांधलेला होता. तिनं पुन्हा पाय किंचित टेकवला. आवाज गप्प झाला. काढला, सुरू झाला. तिला गंमत वाटली. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की पाय पूर्ण उचलायचाच नाही, अगदी पिसासारखा ठेवायचा आणि वेग उतरण्याआधीच गिअर खाली घ्यायचा. तसं केलं की आवाज येतच नाही. जरा लक्ष द्यावं लागतं, इतकंच.

आणि मग तिच्या डोळ्यांसमोर उल्हासचा बूट आला. तपकिरी, पुढून झिजलेला. त्या शेवटच्या काही आठवड्यांत तो बायपासवर आला की बोलणं थांबवायचा. तिला वाटायचं, हल्ली यांना गाडी चालवताना थकवा येतो की काय. एकदा तिनं विचारलंही होतं, बरं वाटत नाही का. तो म्हणाला होता, "छे, लक्ष देऊन चालवतोय." त्याचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर असा ठेवलेला असायचा की दाबतोय की नाही ते कळू नये.

आवाज थांबला नव्हता. उल्हासला तो पहिल्या दिवसापासून ऐकू येत होता, आणि तो यायचा कधी, जायचा कसा, हे त्यानं शोधून काढलं होतं. नंतरचे सगळे दिवस तो तिच्या शेजारी बसून, काही न बोलता, आवाज येऊ न देता गाडी चालवत होता.

अलकनंदानं गाडी बाजूला घेतली. चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"लबाड," ती मोठ्यानं म्हणाली. "लबाड कुठले! आणि वर जिलेबी खायला घातलीत मला!"

ती हसायला लागली. हसता हसता रडू आलं, पण ते इतक्या दिवसांतल्या रडण्यासारखं नव्हतं. ते रडणं माणूस गेल्याचं होतं. हे माणूस पुन्हा एकदा पकडीत सापडल्यासारखं होतं. बायपासलगतच्या कालव्याच्या बाजूनं चालायला आलेल्या दोन बायका थांबून तिच्याकडे बघत होत्या. "सब ठीक है, आंटीजी?" एकीनं विचारलं.

"ठीक है, बेटा," ती म्हणाली आणि पुन्हा चावी फिरवली.

संध्याकाळी मीनाक्षीचा फोन आला. एक चांगलं गिऱ्हाईक मिळालंय, शनिवारी बघायला येईल.

"त्याला नको म्हणून सांग."

"आई, गाडी उभी राहून खराब होते. बाबांची म्हणून ठेवायची ठीक आहे, पण..."

"उभी कुठे आहे? रोज चालवतेय मी."

"तू? ती? एवढी मोठी?"

"बाहेरून मोठी आहे. आत बसलं की आपल्याएवढीच असते."

मीनाक्षीनं आणखी दोन-तीनदा विचारलं, नक्की ना, जमतंय ना, एकटी कुठे जाऊ नकोस. अलकनंदा सगळ्याला हो म्हणाली. आवाजाचं तिनं सांगितलं नाही. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. त्यासाठी मुलगी गाडीत शेजारी, डावीकडे बसलेली हवी.

ठरल्या दिवशी मथुरा रोडवरच्या सर्व्हिस सेंटरला दोन राखाडी गाड्या शेजारी उभ्या राहिल्या. गळ्यात टाय घातलेल्या सल्लागारानं सूर्यकांतला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला.

"सर, मैंने बताया था ना, रियर-व्हील में थोड़ा-बहुत आता है."

सूर्यकांत सभ्य माणूस. भांडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. अलकनंदा पुढे झाली.

"थोड़ा आता है, मानती हूँ," ती म्हणाली. इतकी वर्षं वर्ग सांभाळलेला आवाज तिला आपोआप सापडला. "वो वाला मेरी गाड़ी में भी आता है. उसके लिए हम नहीं आए. इनकी गाड़ी में एक और आता है, जो मेरी में नहीं आता. आप पहले मेरी में बैठिए, फिर इनकी में. उसके बाद जो बोलना है, बोलिए."

सल्लागारानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं आधी तिची गाडी मागच्या रस्त्यावर फिरवली, मग सूर्यकांतची. उतरला तेव्हा त्यानं वाद घातला नाही. गाडी वर उचलायला सांगितली. अर्ध्या तासानं त्यानंच येऊन सांगितलं की लांब शाफ्ट जिथे मागच्या डब्याला जोडतो तिथला सांधा सैल आहे, कारखान्यातूनच तसा आलाय. वॉरंटीत बदलून मिळेल, पण पार्ट यायला वेळ लागेल. तोवर गाडी चालवू नका.

"आणि मॅडम, तुमचा जो आवाज आहे," तो हिंदीत म्हणाला, "तो मर्यादेत आहे. पण हवं असेल तर कंपनीला लिहून बघता येईल. मागचे गिअर बदलले तर जाईलही."

"त्यात धोका आहे का काही?"

"नाही, नाही. नुसता आवाज."

"मग राहू द्या," अलकनंदा म्हणाली.

काचेपलीकडच्या खुर्च्यांवर कागद तयार व्हायची वाट बघत असताना तिनं सूर्यकांतला बायपासवरची गोष्ट सांगितली. का सांगितली ते तिलाही कळलं नाही. बहुधा पाय उचलणं आणि टेकवणं यातला फरक ज्याला कळेल असा दुसरा कुणी तिच्या ओळखीत नव्हता.

"मला नसतं जमलं," तो म्हणाला. "मी अख्ख्या खात्याला सांगितलं. शिपायापासून संचालकांपर्यंत."

"मला एकच कळत नाही. माझी कटकट नको म्हणून केलं, की गाडीत काही खोट आहे हे स्वतःलाच ऐकायचं नव्हतं म्हणून?"

"दोन्ही असेल, ताई."

"हो," ती म्हणाली. "असेल."

पार्ट यायला पावसाळा उजाडला. गाडी मिळाली त्या दिवशी सूर्यकांतनं फोन करून नुसतंच म्हटलं, "ऐका," आणि फोन गिअरजवळ धरला. तिला काहीच ऐकू आलं नाही. तेच तर ऐकवायचं होतं.

मग त्यानं तिला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात जेवायला बोलावलं. त्या दिवशी अलकनंदा पहिल्यांदा एकटी दिल्लीत गाडी घेऊन गेली. आश्रम नावाच्या गजबजलेल्या चौकात एक बस तिच्या इतक्या जवळून गेली की तिनं देवाचं नाव घेतलं, पण पोचली. झुणका, भाकरी, सोलकढी. सूर्यकांत हात धुवायला गेला तेव्हा वृंदानं खुर्ची जवळ ओढली.

"ताई, मला शिकवाल?"

"काय?"

"गाडी. यांना मी दोनदा म्हटलं. पहले साउंड ठीक होने दो, म्हणाले. आता तो पण ठीक झाला. तरी म्हणतात, क्लासला जा, छोट्या गाडीवर शीक. यार, घरात गाडी आहे आणि मी भाजीला पण स्कूटीवर जाते."

सूर्यकांत परत आला तेव्हा सगळं ठरलेलं होतं. त्याला फक्त दिवस कळवण्यात आला.

लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधला मागचा रस्ता सकाळी रिकामा असतो. वृंदा आपल्याच गाडीत, स्टिअरिंगमागे, दोन उशा पाठीशी घेऊन बसली. अलकनंदा डावीकडे. सूर्यकांत कडुनिंबाखाली उभा होता, हात मागे बांधून, घरी पाठवलं तरी न गेलेला.

"क्लच पूर्ण दाब. पहिला टाक. आता हळूहळू सोड. पायाला कळेल, गाडी जरा उचलल्यासारखी होते. तिथे थांब. घाई करू नकोस."

गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली.

"क्लच! क्लच!" सूर्यकांत झाडाखालून ओरडला.

"त्यांच्याकडे बघू नकोस," अलकनंदा म्हणाली. "पुन्हा."

दुसऱ्यांदाही बंद पडली. तिसऱ्यांदा वृंदानं ओठ आवळले, पाय अगदी बारीक बारीक उचलत आणला आणि गाडी पुढे सरकली. कचकन नाही, धक्क्यानं नाही, नुसती सरकली. वृंदानं घाबरून स्टिअरिंग घट्ट धरलं.

"ताई, चाललीय! आता काय करू?"

"आता समोर बघ," अलकनंदा म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत जाऊ. मग वळायचं कसं ते सांगते."